गाडी बंद ठेवा

अल् खुवैर, मस्कत
रविवार, ४ नोव्हेंबर २००१

चि. सोनल,

आशीर्वाद. पाकिटावरचे अक्षर ओळखूनही तू ते उघडलेस, एवढे गृहीत धरून लिहितो.

परवा टोरांटोहून प्रशांतचा फोन आला होता. माझ्या भावाचा मुलगा असूनही तो तपशिलाच्या बाबतीत ढिला आहे. तुला विनिपेगच्या बाहेर पस्तीस किलोमीटरवर नवी नोकरी लागली आणि तू रोज जाऊन-येऊन करतेस, इतकेच तो म्हणाला. गाडी कोणती घेतलीस, नवी की वापरलेली, पुढची चाके ओढणारी की मागची, यांपैकी काहीही त्याला सांगता आले नाही. तेव्हा मी सर्वसाधारण स्वरूपाचे लिहितो.

बर्फ मी पाहिलेले नाही. म्हणून आमच्या कार्यालयात तिसऱ्या मजल्यावर बसणाऱ्या कॅनेडियन सल्लागाराला विचारले. तो सस्कातूनचा आहे. मी वही घेऊन समोर बसलो तेव्हा बाहेर चौतीस अंश तापमान होते. तो हसून म्हणाला, "रमण, मस्कतमध्ये बर्फाची शिकवणी घेणारा तू पहिलाच." मी त्याला म्हटले, "तू सांग, मी लिहून घेतो." त्याने सांगितले आणि मी लिहून घेतले.

हिवाळ्याचे टायर वेगळे असतात. ते चारही चाकांना बसवावेत, दोनच बसवून काम होत नाही. पुढच्या गाडीपासून एरवी ठेवतेस त्याच्या तिप्पट अंतर ठेव. बर्फ दिसते तेथे माणूस सांभाळून चालवतो. धोका असतो तो डांबरासारख्या काळ्या, न दिसणाऱ्या बर्फाचा, आणि ते पुलांवर आधी धरते. गाडी घसरू लागली तर दोन्ही पाय पेडलवरून उचल, जिकडे जायचे आहे तिकडे पाहा आणि स्टिअरिंगचे चक्र तिकडेच हळू वळव. ब्रेक एकदम दाबू नकोस; थोडा थोडा दाबून सोडत जा. पेट्रोलची टाकी अर्ध्याखाली येऊ देऊ नकोस. रात्रभर गाडी उभी असेल तर इंजिन गोठू नये म्हणून ते विजेच्या प्लगला जोडून ठेवतात, हे ऐकून मला प्रथम ती थट्टा वाटली.

गाडी अडकली तर चाके गरगर फिरवू नकोस. फिरवलेस की चाकाखालचे बर्फ वितळते, लगेच गोठते, आणि आपणच आपला खड्डा गुळगुळीत करून ठेवतो. चाकांपुढचे बर्फ फावड्याने काढ, गाडी पहिल्या आणि रिव्हर्स गिअरमध्ये अलगद पुढे-मागे डोलव, आणि चाकाखाली वाळू टाक. होय, वाळू. तेथील लोक हिवाळाभर डिकीत वाळूची एक गोणी ठेवतात. मी त्याला दोनदा विचारून खात्री करून घेतली.

एक मुद्दा राहिला आहे. तो सवडीने लिहीन.

तुझा,
बाबा


अल् खुवैर
रविवार, ३० डिसेंबर २००१

चि. सोनल,

आशीर्वाद. मागील पत्राचे उत्तर नाही. त्याबद्दल तक्रार नाही. मात्र त्या पत्रात एक चूक होती आणि ती दुरुस्त करणे आवश्यक आहे. ब्रेक थोडा थोडा दाबून सोडण्याची सूचना जुन्या गाड्यांना लागू होते. नव्या गाड्यांत चाक अडकू न देणारी यंत्रणा असते. तेथे ब्रेक एकदा दाबून तसाच धरून ठेवायचा असतो. पायाखाली ब्रेक थरथरल्यासारखा वाटतो, त्याने घाबरू नये. चुकीची सूचना देऊन मी आठ आठवडे गप्प राहिलो, हे योग्य झाले नाही.

येथे सर्व ठीक आहे. मी अजून त्याच घरात राहतो. शुक्रवारी दार्सैतच्या मंदिरात जातो, देवासाठी कमी आणि माणसांसाठी जास्त. पण अलीकडे माणसेही कमी ओळखीची असतात. तुझ्या आईच्या भजनी मंडळातल्या मंगलाताई भेटल्या. "सोनल काय म्हणते?" असे त्यांनी विचारले. "मजेत आहे," असे मी सांगितले. मंगलाताई म्हणाल्या, "तुम्ही दर वेळी हेच सांगता हो, एकदा तिचं काहीतरी वेगळं सांगा." मी मुलांच्या परीक्षा चालू आहेत का, असे त्यांना विचारले.

कॅनेडियनाबरोबर बोलताना बर्फ आणि वाळू यांत किती साम्य आहे हे ध्यानात येत गेले. वाळूतही चाके गरगर फिरवायची नसतात. फरक इतकाच की वाळूत आधी टायरमधील हवा कमी करतात, म्हणजे टायर पसरतो आणि तरंगतो. मुस्तफा हे काम काडेपेटीच्या काडीने करत असे, तुला आठवत असेल. नऊ वर्षे त्याने तुला शाळेत पोहोचवले आणि आणले. ड्रायव्हर कंपनीचा होता, पण तू त्याला घरचाच समजत होतीस.

त्या शुक्रवारीही त्याने काडी घेऊन चारही चाकांतली हवा काढली होती. तोपर्यंत उशीर झाला होता. आणि गाडी तेथे थांबवण्याचा निर्णय माझा होता, हे मी कधी नाकारलेले नाही. वाहिबाच्या वाळूत आम्ही मुख्य वाटेपासून सात किलोमीटर आत होतो. तुझ्या आईला टेकडीचा रंग आवडला. मी म्हटले, "थांबव, फोटो काढू." मुस्तफा म्हणाला, "इथं नको साहेब, इथं रेती मऊ हाय. फुडं घट्ट आली की थांबवतो." मी म्हटले, "पुढे हा रंग नसेल." फोटो चांगला आला. तो मी कोणाला दाखवलेला नाही.

वाळूत थांबू नये, थांबायचे तर उतारावर थांबावे. बर्फालाही हा नियम लागू आहे. लक्षात ठेव.

तुझा,
बाबा


अल् खुवैर
रविवार, १२ जानेवारी २००३

चि. सोनल,

वर्षभर मी लिहिले नाही. तू वाचत नसशील तर लिहून उपयोग नाही, आणि वाचत असशील तर मी काय लिहीत नाही हे तुला स्पष्ट दिसत असणार, असा विचार करून थांबलो होतो.

आज थांबता येत नाही. प्रशांतने कळवले की तुमच्याकडे वादळाचा इशारा आहे आणि महामार्ग बंद होण्याची शक्यता आहे. तू त्या पस्तीस किलोमीटरांच्या मध्यावर कोठेतरी अडकशील आणि तुला ही गोष्ट माहीत नसेल, या कल्पनेने सकाळपासून माझे कामात लक्ष नाही. म्हणून राहिलेला मुद्दा लिहितो. हे पत्र वादळाआधी पोहोचणार नाही. पण हिवाळा एका वादळाने संपत नाही.

बर्फात गाडी अडकली आणि बाहेर निघेना, तर गाडी सोडून चालत जाऊ नकोस. गाडी दिसते, माणूस दिसत नाही. गाडीतच बस. परंतु इंजिन सुरू करण्याआधी खाली उतर, मागे जा आणि सायलेन्सरच्या तोंडाभोवतीचे बर्फ हातांनी काढ. ते बुजलेले असेल तर धूर मागे न जाता गाडीखाली साठतो आणि फटींतून आत येतो. त्याला वास नसतो. त्याने खोकला येत नाही. झोप येते. म्हणून इंजिन तासाला दहा मिनिटेच चालव, दर वेळी आधी सायलेन्सर तपास, आणि वाऱ्याच्या विरुद्ध बाजूची एक काच बोटभर उघडी ठेव. थंडी आली तरी चालेल.

सल्लागाराने हे पहिल्याच दिवशी सांगितले होते. मी वहीत लिहून घेतले आणि पत्रातून वगळले. का, ते तुला सांगायला नको.

तुझा प्रश्न एका ओळीचा होता. तुझ्या आईला अखेरचे पुण्याला नेऊन आपण परत आल्यानंतर, तू विनिपेगला निघण्याच्या आदल्या दिवशी, जेवणाच्या टेबलावर विचारलेस : "मुस्तफाचाचा मदत आणायला जाताना नक्की काय म्हणाले होते?" मी सांगितले, "गाडी बंद ठेवा, असे म्हणाला." तू विचारलेस, "म्हणजे काय?" मी सांगितले, "त्याचे शब्द जसे होते तसे मी सर्वांना सांगितले आहेत." तू ताट उचलून आत गेलीस. त्यानंतर आपण बोललेलो नाही.

ते उत्तर खोटे नव्हते. शब्द तेच होते. इतक्यावरच मी चार वर्षे उभा आहे.

पोलीस ठाण्यात काय झाले हे तुला कोणी सांगितलेले नसेल, कारण त्या खोलीत अधिकारी आणि मी असे दोघेच होतो. मुस्तफा बाहेर बाकावर होता. मी दुभाषी मागितला. अधिकारी हसला. ओमानी माणसाला या शब्दासाठी दुभाषी लागत नाही. आपला 'बंद' कोणत्या जहाजातून आला कोणास ठाऊक, पण येथे तो 'बन्नद' झाला आहे आणि जसा आपल्याकडे, तसाच येथेही दाराला चालतो, दिव्यालाही चालतो. अधिकाऱ्याने लेखणी थांबवली आणि मला विचारले, "कुठले बन्नद? बाब, की मकिना?" दार की इंजिन, एवढाच त्याचा प्रश्न होता. तो उगाच विचारत नव्हता. त्या शब्दाला दोन बाजू आहेत हे त्याला लहानपणापासून माहीत होते, आणि मला उत्तर द्यायला पुरेसा वेळ त्याने दिला.

मी म्हटले, "बाब."

बाकीचे कागद त्या एका शब्दामागून आपोआप तयार झाले. ड्रायव्हरने बाईंना गाडीची दारे-खिडक्या लावून बसवायला सांगितले आणि तो निघून गेला. मुस्तफाला आत बोलावून विचारले, तू 'बंद ठेवा' म्हणालास का? तो म्हणाला, "हो, बोललो." तो खरे बोलला. पंधरा दिवसांत कंपनीने त्याचा व्हिसा रद्द करून त्याला गावी पाठवले.

सायलेन्सरचे विसरू नकोस.

तुझा,
बाबा


अल् खुवैर
रविवार, ८ जून २००३

चि. सोनल,

आशीर्वाद.

वार्षिक रजेत या वेळी पुण्याला चार दिवसच राहिलो. तेथून महाड, मंडणगड करत बाणकोटला गेलो. मुस्तफाचे घर खाडीच्या अंगाला आहे. पत्ता जवळ होता. तो कंपनीच्या कागदावरून मी १९९८ सालीच उतरवून घेतला होता.

दारात त्याची बायको कुलसुम उभी होती. मी माझे नाव सांगितले, मस्कतहून आलो म्हणून सांगितले. तिने मला पायांपासून डोक्यापर्यंत पाहिले. "मस्कतचा साहेब? चालत आलात? गाडी नाय आणलीत?" मी म्हटले, "एस. टी. ने आलो." ती आत वळून मोठ्याने म्हणाली, "अवो, तुमचा साहेब आलाय. दार उघडं ठेवू का बंद ठेवू, त्यालाच इचारा."

मुस्तफा बाहेर आला. दाढी पांढरी झाली आहे. "कुलसुम, पानी आण," म्हणाला, आणि मला, "बसा साहेब. सोनलबाय कशी हाय?" पहिला प्रश्न हाच. मी म्हटले, "मजेत आहे."

"लगीन केलं?"

"माहीत नाही," असे मी म्हटले. ते माझ्या तोंडून कसे निघाले हे मला समजले नाही. मंगलाताईंना मी ते कधी सांगू शकलो नसतो.

गावात त्याला कोणी गाडी देत नाही. तो मेहुण्याच्या वाणसामानाच्या दुकानात तराजूवर बसतो. कुलसुमने पाणी ठेवताना सांगितले, "गावात यांचं नाव ठावं हाय का तुमाला? बंदमियाँ. बारकी पोरंबी हाका मारतात. बंदमियाँ, दोन किलो साखर द्या." मुस्तफा म्हणाला, "अगं गप. साखर नेतात तर नेऊ दे." आणि हसला. तिला हसू आले नाही.

मी ठरवून गेलो होतो, ते सांगितले. "मुस्तफा, मी खोटे बोललो."

"मना ठावं हाय."

"मी लिहून देतो. कंपनीला, पोलिसांना, तू म्हणशील तिथे. सही करून."

"कंपनी कुठं हाय आता? मस्कतला आमचा पुतन्या हाय, नबील, त्याने सांगितलं, जुन्या मालकाने, अर्बाबने, इकून टाकली. नवीन मालकाला काय म्हायती, मुस्तफा कोन नि साहेब कोन."

हे खरे आहे. कंपनी मागच्या वर्षी विकली गेली. ज्या संचालकांनी तो निर्णय घेतला त्यांच्यापैकी कोणी ओमानमध्ये नाही. माझे प्रतिज्ञापत्र ठेवायला टेबल उरले नव्हते.

"मग मी काय करू?" मी विचारले.

"काय नाय करायचं. खलास, साहेब." मग म्हणाला, "पाच वरीस लोकांना सांगत बसलो, मी इंजनाचं बोललो व्हतो, मी इंजनाचं बोललो व्हतो. इतक्या येळा सांगितलं की आता माझंच मना कळत नाय. सपनात मीच दार लावून जातो. तुमी सांगा साहेब, तुमी तितं व्हतात. मी कशाचं बोललो?"

सोनल, मी त्याला सांगितले. इंजिनाचे. तू सायलेन्सरकडे बोट दाखवत होतास, असे म्हटले. त्याने तोंडावर हात धरला आणि उठून आत गेला. कुलसुम म्हणाली, "आता जा तुमी." मी उठलो. मी फाटकापाशी पोहोचलो तेव्हा तो मागून आला. "सोनलबायला सांगा," म्हणाला. "मना गावी धाडायच्या आधी ती दार्सैतला माझ्या खोलीवर आलेली. मी तिला सांगितलं सगळं. ती बोलली, चाचा, माझा तुमच्यावर विश्वास हाय, पन हे बाबा स्वतःच्या तोंडाने बोलले पायजेत. मी वाट बघते. अजून बघत असंल ती, साहेब."

म्हणजे टेबलावर तू विचारलेस तेव्हा तुला उत्तर माहीत होते. तुला फक्त ते मी द्यायला हवे होते.

ते देतो. अर्धे विवरण देण्याचा काही उपयोग नसतो, म्हणून पूर्ण देतो.

९ ऑक्टोबर १९९८, शुक्रवार. बारा वाजून दहा मिनिटांनी मुस्तफा मदत आणायला निघाला. बदूंचा, म्हणजे वाळवंटातल्या भटक्यांचा, तळ चार किलोमीटरवर होता. गाडी मागच्या बाजूने आसापर्यंत रुतली होती. निघण्यापूर्वी त्याने गाडीच्या सावलीत चटई घातली, तुझ्या आईला तेथे बसवले आणि मागच्या बाजूला हात करून मला म्हणाला, "साहेब, सायलेन्सर रेतीत बुडालाय. गाडी बंद ठेवा. बाईंना हितंच बाहेर बसू दे." यात कोठेही संदिग्धता नव्हती. मला ते समजले होते.

साडेबाराच्या सुमारास वारा सुटला. वाळू उडू लागली. तुझ्या आईला खोकला झाला, तिचा चेहरा लाल झाला होता. मी गाडी सुरू केली, एसी लावला आणि तिला आत बसायला सांगितले. ती म्हणाली, "मुस्तफा नको म्हणाला ना?" मी म्हटले, "तो बंद ठेवा म्हणाला. ठेवू की बंद. काचा बंद." ती म्हणाली, "तुम्हाला हवा तो अर्थ बरोबर सापडतो हो." पण ती आत बसली. तिला थकवा आला होता आणि मला वाद नको होता. म्हणजे पोलीस अधिकाऱ्याला मी दिलेले उत्तर त्या खोलीत सुचलेले नव्हते. ते मी आधी एकदा वापरले होते, विनोद म्हणून.

मी टेकडीवर गेलो, मुस्तफा येतो का पाहायला. पंचवीस मिनिटांनी खाली आलो. तिच्या बाजूची काच चार बोटे खाली होती आणि तिचे डोके त्या फटीला टेकलेले होते. डोळे मिटलेले होते. मला वाटले, झोप लागली. तू आमच्या घरात वाढलीस. एसी चालू असताना काच उघडी दिसली की मी काय म्हणतो हे तुला माहीत आहे. मी तेच म्हटले. तिने उत्तर दिले नाही. तिची झोप मोडू नये म्हणून तिच्या बाजूचे दार न उघडता, चालकाचे दार उघडून आत हात घालून, बटणाने मी ती काच वर केली. पूर्ण. मग पुन्हा टेकडीवर गेलो.

दोनला पाच मिनिटे कमी असताना मुस्तफा बदूच्या पिकअपमधून आला. त्याने लांबूनच इंजिनाचा आवाज ऐकला. पिकअप थांबण्याआधीच उडी मारून तो ओरडत धावला. काय ओरडत होता ते वाऱ्यात ऐकू आले नाही.

काचेची गोष्ट मुस्तफाला माहीत नाही. अधिकाऱ्याने विचारली नाही. ती मी आज प्रथमच लिहितो आहे.

मला क्षमा मागायची नाही, कारण ती कशाबद्दल मागायची त्याची यादी मला पुरी करता येत नाही. तुझ्या प्रश्नाचे उत्तर एवढेच : तो इंजिनाचे बोलला होता, आणि मला ते कळले होते.

बाबा


अल् खुवैर
मंगळवार, २ डिसेंबर २००३

चि. प्रशांत,

आशीर्वाद. तुला पत्र लिहिण्याचा प्रसंग सहसा येत नाही; आपले काम फोनवर भागते. परंतु जे सांगायचे आहे ते फोनवर सांगताना माझ्याकडून शब्द इकडे-तिकडे होतील.

मी जूनमध्ये सोनलला एक पत्र पाठवले होते. त्यात काय होते ते तिला हवे असेल तर ती तुला सांगेल. मला आशा होती, हे तुझ्यापासून लपवत नाही. ती पाच वर्षे एका उत्तराची वाट पाहत होती आणि ते मी दिले होते. जुलैपासून रोज टपालपेटी पाहत होतो. त्या उत्तरात मी तिने न विचारलेले थोडे अधिक लिहिले होते. ते लिहिले नसते तर काय झाले असते, याचा विचार करण्यात आता अर्थ नाही. आणि मी दुसरा विचार करत नाही.

काल तिचे पत्र आले. ते इंग्रजीत आहे. सात वाक्ये आहेत. मी ती मराठीत उतरवतो. शक्य तितकी जशीच्या तशी.

"तुमचे पत्र मिळाले. मुस्तफाचाचांचे मला माहीत होते आणि तुम्ही ते लिहिलेत, हे चांगले झाले. आईने काच उघडली होती हे मला माहीत नव्हते, आणि आता मला दुसरे काही दिसत नाही. तुम्ही गाडीबद्दल पूर्वी जे लिहीत होतात त्याची गरज नव्हती. मी गाडी चालवत नाही, ती चालवायला मी कधी शिकलेच नाही, मी कोणाच्या गाडीत बसतही नाही, बसने जाते. मी चाचांना पत्र लिहिते आहे. कृपया मला यापुढे लिहू नका."

तिने सांगितले आहे, तेव्हा मी तिला लिहिणार नाही. तूही माझ्या वतीने काही सांगू नकोस, समजूत घालू नकोस. ती जे म्हणते ते बरोबर आहे.

तुझ्यावर माझा राग नाही, पण एक गोष्ट नोंदवतो. "ती रोज पस्तीस किलोमीटर जाते" असे तू सांगितलेस. कशाने जाते हे तू सांगितले नाहीस आणि मी विचारले नाही. येथे सगळेच गाडीने जातात. दोन हिवाळे मी तिला टायर आणि ब्रेक आणि वाळूच्या गोणीबद्दल कळवत राहिलो, आणि ती ते घेऊन बसस्टॉपवर उभी राहत होती.

तुझ्याकडे एक काम आहे. तिच्या घरापासून बसस्टॉप किती अंतरावर आहे, वाट सपाट आहे की उताराची, आणि सकाळी किती वाजता तिला निघावे लागते, एवढे काढून मला कळव. आज सकाळी मी तिसऱ्या मजल्यावर गेलो होतो. त्या कॅनेडियनाचा करार ऑगस्टमध्येच संपला. त्याच्या जागी आता केरळचा एक मुलगा बसतो. बर्फावरून पायी चालणाऱ्या माणसाने काय सांभाळायचे असते, हे मला माहीत नाही, आणि येथे विचारावे असे कोणी नाही. तू तेथे आहेस. काही सूचना असतील तर त्या तूच तिला सांग. माझे नाव काढू नकोस.

तुझा,
रमणकाका